खिशातल्या पिस्तुलाचा पूर्वपक्ष

पहिल्यांदाच पिस्तूल जवळ बाळगायचं ठरवलेल्या माणसाला अमेरिकेत कुणालाही विचारू द्या, सल्ला एकच मिळतो: सगळ्यांत लहान घे, सगळ्यांत हलकं घे, खिशात टाक आणि विसरून जा. दुकानातला विक्रेता हेच सांगतो, ऑफिसातला अनुभवी सहकारी हेच सांगतो, आणि बायकोसाठी पिस्तूल घेणारा नवराही हेच सांगतो. टेक्ससमध्ये मी नवशिक्यांना पिस्तूल चालवायला शिकवतो. त्यांत आपली मराठी मंडळीही असतात. रात्री उशिरा दुकान बंद करून रोकड घेऊन निघणारे असतात, रात्रपाळी संपवून एकट्याने गाडीपर्यंत चालत जाणाऱ्या परिचारिका असतात. बहुतेक जण तळहातात मावेल असं पिस्तूल आधीच विकत घेऊन येतात. माझं म्हणणं असं की हा सल्ला चूक आहे, आणि ज्या नवशिक्याला तो हटकून दिला जातो, त्याच्याच बाबतीत तो सगळ्यांत जास्त चूक आहे.

एरवी हा वाद शौकिनांच्या गप्पांवर सोडून दिला असता. पण मधल्या काळात कायदा बदलला आहे. १९८७ साली फ्लोरिडाने अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येकाला परवाना देण्याचा कायदा केला आणि तो नमुना एकेक राज्य उचलत गेलं. टेक्ससने १९९५ मध्ये तसा कायदा केला. त्या परवान्यासाठी वर्गात बसावं लागे, लेखी परीक्षा आणि नेमबाजीची चाचणी द्यावी लागे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये पात्र प्रौढाला परवान्याशिवायच पिस्तूल बाळगता येतं, आणि २०२४ पर्यंत देशात अशी राज्यं २९ झाली. परवाना आजही हवा त्याला मिळतो, पण सक्ती गेली आणि सक्तीबरोबर वर्गही गेला. आता पुष्कळांच्या बाबतीत विक्रेत्याचं ते एक वाक्य हेच सगळं शिक्षण ठरतं. म्हणून ते वाक्य नीट तपासायला हवं.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या बळकट रूपात मांडतो. त्या बाजूचे लोक म्हणतात, कपाटात ठेवलेल्या मोठ्या पिस्तुलापेक्षा खिशातलं लहान पिस्तूल केव्हाही बरं. अवजड वस्तू माणूस चार दिवस अंगावर वागवतो, पाचव्या दिवशी गाडीत ठेवतो आणि पुढच्या महिन्यात घरी विसरतो. जे टोचतं ते सुटतं. शिवाय लहान वस्तू सहज लपते, आणि चारचौघांत शस्त्राचं प्रदर्शन न करणं ही सभ्यतेची गोष्ट आहे. या मताला परंपरेचंही पाठबळ आहे. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरची खिशात मावणारी एकबारी पिस्तुलं एकोणिसाव्या शतकात इतकी लोकप्रिय झाली की त्यांच्या नकला निघाल्या. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री लिंकनवर झाडलेली गोळी अशाच एका पिस्तुलातली. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने पाच गोळ्यांचं आटोपशीर ‘चीफ्स स्पेशल’ रिव्हॉल्व्हर काढलं. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने नागरिकांसाठीच्या नव्या मॅगझिनवर दहा गोळ्यांची मर्यादा घातली. दहाच गोळ्या बसणार तर पिस्तूल मोठं कशाला, असा हिशेब करून कंपन्या लहान पिस्तुलांकडे वळल्या. तो कायदा २००४ मध्ये संपला, पण लहान पिस्तुलाची गोडी राहिली. २००८ मध्ये आलेलं रुगरचं एलसीपी रिकामं असताना २७० ग्रॅमही भरत नाही.

यातली एक गोष्ट मला पूर्ण मान्य आहे: जे टोचतं ते सुटतं. मतभेद पुढे सुरू होतो. टोचतं ते काय?

पिस्तूल हलकं असण्याचा फायदा ते कमरेला असतानाच. हातात आल्यावर तोच हलकेपणा उलटतो. गोळी आणि तिच्यामागचा वायू एका दिशेने जितका संवेग घेऊन निघतात, तितकाच संवेग पिस्तूल उलट दिशेने घेतं. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं, तर ते दुप्पट वेगाने मागे येतं आणि हाताला दुप्पट ऊर्जा झेलावी लागते. हा न्यूटनचा हिशेब आहे, त्यात कंपनीला सवलत नाही. शिवाय मूठ आखूड, त्यामुळे करंगळीला जागा नाही. पकड दोन बोटांवर येते. मागचं आणि पुढचं दर्शक जवळजवळ आल्यामुळे नेमही बिघडतो. दर्शकांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर असताना एक मिलिमीटरची चूक झाली, तर सात मीटरवर गोळी पावणेपाच सेंटिमीटर सरकते. ९ सेंटिमीटर असताना तीच चूक जवळजवळ आठ सेंटिमीटरची होते. आखूड पिस्तुलाची स्प्रिंग बहुधा ताठ असते, म्हणून स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायलाही जोर जास्त लागतो. ज्यांच्या मनगटात जोर कमी, त्यांनाच हे ‘सोपं’ पिस्तूल सुचवलं जातं, याचं मला खरोखर दुःख होतं.

शिकाऊ माणसाच्या हातात हे कसं दिसतं तेही सांगतो. पहिली मॅगझिन संपते तेव्हा तो हसत असतो. तिसऱ्या मॅगझिनपर्यंत अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ उठलेला असतो. मग ट्रिगर दाबण्याआधीच डोळे मिटू लागतात, येणाऱ्या धक्क्याला विरोध म्हणून मनगट खाली झुकतं आणि गोळी लक्ष्याच्या बरीच खाली लागते. त्याला न सांगता मॅगझिनमध्ये मी एखादं खोटं काडतूस मिसळतो. बार होत नाही, तरी पिस्तुलाचं तोंड दचकून खाली जातं. ही सवय एकदा हाडात बसली की काढायला महिने लागतात, आणि हात दुखतो म्हणून बहुतेक जण सरावच सोडतात. कसलेला नेमबाज लहान पिस्तूल उत्तम चालवतो, यात वाद नाही. पण तो आधी मोठ्यावर शिकलेला असतो.

आता लपण्याचा मुद्दा. लहान म्हणजे लपणारं हे इतकं उघड वाटतं की त्यावर कुणी विचारच करत नाही. कमरेला, पँटच्या आत लावलेल्या पिस्तुलाकडे एकदा नीट पाहा. स्लाइड आणि नळी पट्ट्याखाली, शरीराला समांतर उतरतात. नळी सात सेंटिमीटरची आहे की दहा, हे बाहेरच्या माणसाला कळायचं कारणच नाही. पट्ट्याच्या वर राहते ती मूठ, आणि ती शरीराला आडवी असते. शर्टावर टोक काढते तीच. म्हणजे लपवायची आहे ती मूठ, आणि ती किती बाहेर येईल हे पिस्तुलाच्या लांबीपेक्षा होल्स्टर आणि पट्टा ठरवतात. अगदी आखूड पिस्तूल तर कधीकधी जास्तच उठून दिसतं. पट्ट्याखाली त्याचं धड काही नसतं, वर गोळ्यांनी भरलेली मूठ असते. वजन वर राहतं आणि पिस्तूल बाहेरच्या अंगाला कलंडतं. नळी दोन-तीन सेंटिमीटरने जास्त लांब असली, तर तिचं टोक जांघेच्या वरच्या भागावर टेकतं, पट्टा मध्ये दाबून धरतो आणि मूठ पोटाकडे वळते. २०१८ मध्ये आलेल्या सिग सावरच्या पी३६५ मध्ये दहा गोळ्या बसतात आणि ते रिकामं असताना पाचशे ग्रॅमच्या आसपास भरतं. खिशातली पिस्तुलं आणि ग्लॉक १९ सारखी सहाशे ग्रॅमची पिस्तुलं यांच्या मधलं हे माप मी नवशिक्याला सुचवतो. ग्लॉक १९ देखील चांगल्या होल्स्टरमध्ये साध्या टी-शर्टखाली वागवणारी सडसडीत माणसं मी रोज पाहतो.

चांगलं होल्स्टर म्हणजे काय, ते जरा जवळून सांगायला हवं, कारण सगळी मेख इथे आहे. कायडेक्स नावाचं ताठ प्लास्टिक तापवून नेमक्या त्याच मॉडेलच्या पिस्तुलावर दाबून हे बनवतात. पिस्तूल आत गेलं की ‘टक्’ असा आवाज येतो. उलटं धरून हलवलं तरी ते पडता कामा नये. ट्रिगरभोवतीचं कडं पूर्ण झाकलेलं हवं, इतकं की बाजूने बोट घातलं तरी ट्रिगरला स्पर्श होणार नाही. होल्स्टरच्या कडेला एक छोटा पंख असतो, त्याला क्लॉ म्हणतात. तो पट्ट्याच्या आतल्या बाजूवर रेटतो आणि मुठीला शरीराकडे फिरवतो. खालच्या टोकाला फोमची पाचर असते, ती तळ बाहेर ढकलून माथा आत आणते. हा पंख आणि ही पाचर मिळून जे काम करतात, ते पिस्तुलाचं शंभर ग्रॅम वजन कमी करून होत नाही. पट्टा दीड इंच रुंद आणि आतून ताठ हवा, म्हणजे वजन एका बिंदूवर न येता सगळ्या कमरेवर वाटलं जातं. पँट नेहमीपेक्षा इंचभर सैल. पिस्तुलावर पाचशे डॉलर घालणारा माणूस पंधरा डॉलरचा लिबलिबीत पट्टा लावतो, आणि दुपारी कंबर दुखली की दोष पिस्तुलाला देतो. टोचतं ते हे.

जागा सांगताना या व्यवहारात घड्याळाची भाषा वापरतात: बेंबीशी बारा, उजव्या खुब्यावर तीन, पाठीच्या कण्यावर सहा. उजव्या हाताच्या माणसाने एक वाजता किंवा चार वाजता लावून पाहावं. जाड पोटाच्या माणसाला एक वाजताची जागा बसताना खुपते, त्याला चार वाजता पिस्तूल थोडं पुढे कलतं ठेवून बरं वाटतं. सहा वाजता मात्र नको. सिनेमात ते छान दिसतं. खऱ्या आयुष्यात माणूस पाठीवर पडला तर कण्यावर लोखंड येतं, आणि वाकलं की शर्ट वर जाऊन सगळं उघडं पडतं. होल्स्टर नीट बसलं की कसं वाटतं, हे मी आपल्या मराठी बायकांना नऊवारीच्या उदाहरणाने सांगतो: काष्टा घट्ट बसला असेल तर धावताही येतं, आणि सैल असेल तर चार पावलांवर हात कमरेकडे जातो.

तो हातच खरा चहाड आहे. पहिल्या दिवशी नवशिक्याला वाटतं, अख्ख्या दुकानाचे डोळे माझ्या कमरेवर आहेत. मग तो शर्ट ओढतो, कोपराने पिस्तूल चाचपतो, आरशात वळून पाहतो, आणि ज्या नजरेला तो भितो ती नजर स्वतःच बोलावून घेतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा असलेला, मिरवायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, जवळपास निम्म्यांनी तो चेहरा ओळखला असणार. प्रत्यक्षात ओळखणारे चौथाईच्या आसपास निघाले. हा तर छातीवर छापलेला चेहरा होता. शर्टाखालच्या फुगवट्याकडे कोण बघतो? कायद्याची भीतीही नवशिक्याला असायला हवी त्यापेक्षा जास्त वाटते. टेक्ससमध्ये गुन्हा ठरायला प्रदर्शन मुद्दाम केलेलं असावं लागतं, हे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्ट झालं. वाऱ्याने शर्ट उडाल्याने गुन्हा होत नाही. फ्लोरिडानेही २०११ मध्ये परवानाधारकाकडून क्षणभर पिस्तूल दिसलं तर चालेल, असं कायद्यात घातलं. म्हणून लोकांच्या नजरेच्या भीतीने मुद्दाम खेळण्याएवढं पिस्तूल घेण्याचं काही कारण उरत नाही. घरात रिकामं, पुनःपुन्हा तपासलेलं पिस्तूल लावून काही दिवस वावरावं: खाली बसून बुटाच्या नाड्या बांधाव्यात, गाडीत चढावं-उतरावं, वरच्या फळीवरचा डबा काढावा. हात कमरेकडे जायचा थांबला, की बाहेर पडावं.

आता त्या सल्ल्यातल्या शेवटच्या दोन शब्दांकडे येतो: विसरून जा. माझा सगळ्यांत मोठा आक्षेप या दोन शब्दांना आहे. विमानतळांवरच्या सुरक्षा तपासणीत २०२३ या एका वर्षात प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या. पकडलेल्या माणसाचं नेहमीचं उत्तर एकच असतं: बॅगेत आहे हे विसरलो होतो. मला ते उत्तर खरं वाटतं, आणि म्हणूनच भयंकर वाटतं. भरलेलं शस्त्र विसरता यावं इतकं सोयीचं करणं हे ध्येयच मुळात चुकलेलं आहे. नीट बांधलेलं पिस्तूल टोचत नाही, पण ते आहे हे शरीराला दिवसभर कळत राहतं. आराम एवढाच हवा, त्यापुढचा नको.

खिसा, पर्स, नुसती कंबर, यांच्या पोटी काय दडलेलं असतं ते नामवंतांच्या बाबतीतही दिसलेलं आहे. प्लॅक्सिको बरेस हा अमेरिकन फुटबॉलचा मोठा खेळाडू, फेब्रुवारी २००८ च्या सुपर बोलमध्ये निर्णायक गुण मिळवणारा. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये तो कमरेला होल्स्टरशिवाय खोचलेलं ग्लॉक घेऊन गेला. पिस्तूल घसरलं, त्याने ते सावरायला हात घातला, बोट ट्रिगरवर पडलं आणि गोळी मांडीत शिरली. न्यूयॉर्कचा परवाना नव्हता. तुरुंगात वीस महिने गेले. आणि १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा यांच्या पायाला गोळी लागली, ती परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटल्यामुळे. ते रिव्हॉल्व्हर कुणी कमरेला बाळगून हिंडत नव्हतं, पण धोक्याचा क्षण तोच होता: शस्त्र मोकळ्या हातात असताना, एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना. म्हणून मी शिकवतो की पिस्तूल एकटं हाताळू नका. सकाळी होल्स्टरसकट चढवा, रात्री होल्स्टरसकट उतरवा आणि तसंच कुलूपबंद पेटीत ठेवा. मधेच काढावं लागलं, तर परत घालताना घाई नको. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची नाडी ट्रिगरपाशी अडकत नाही ना, हे डोळ्यांनी पाहून घाला. टेक्ससचा कायदा उघड दिसणाऱ्या पिस्तुलाला होल्स्टरची सक्ती करतो, लपवलेल्याला करत नाही. माझ्या मते गरज लपवणाऱ्यालाच जास्त आहे, कारण त्याचं काय चाललंय हे दुसऱ्या कुणाला दिसतही नाही.

लहान पिस्तुलाला जागाच नाही असं मी म्हणत नाही. ज्या परिचारिकेला नोकरीच्या गणवेशात पट्टाच लावता येत नाही किंवा संधिवाताने ज्याच्या कमरेला काही सहन होत नाही, त्यांनी चांगलं पॉकेट होल्स्टर घेऊन तो खिसा फक्त पिस्तुलासाठी राखावा. किल्ल्या, नाणी, फोन त्यात जाता कामा नयेत. पण ही अडचणीतली तडजोड आहे. नवशिक्यासाठी तिलाच नियम करून टाकणं चूक.

आणि बायकांना दिला जाणारा सल्ला वेगळाच तपासायला हवा, कारण तो सगळ्यांत आपुलकीने दिला जातो. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं: टायटॅनियमचा मिश्रधातू, ५०० ग्रॅम वजन, .३२ बोअर, सव्वा लाखाच्या आसपास किंमत. पर्समध्ये सहज मावेल, हा त्याचा मोठा गुण सांगितला गेला. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला आयडाहो राज्यात हेडन इथल्या एका सुपरमार्केटमध्ये एक तरुण आई खरेदी करत होती. तिची पर्स खास पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली होती, आत चेन लावलेला वेगळा कप्पा होता. खरेदीच्या ढकलगाडीत बसलेल्या तिच्या दोन वर्षांच्या मुलाने पर्स उघडली आणि त्याच्या हातून सुटलेल्या गोळीने आई जागीच गेली. पर्स अंगापासून दूर होते, खुर्चीवर राहते, मुलांच्या हाती लागते, चोर पहिल्यांदा हात घालतो तो तिलाच. पर्स कितीही खास असली तरी हे बदलत नाही.

यावर वर्गात मला हमखास विचारतात, साडीला किंवा सलवार-कमीजला पट्टा कुठून आणायचा? पट्ट्याची गरजच नसलेली, कपड्यांच्या आत थेट कंबरेला बांधायची होल्स्टरची चौकट आता मिळते. सैल कुर्त्याखाली ती उत्तम बसते, जीन्सवाल्या पुरुषाच्या पिस्तुलापेक्षा चांगली लपते. साडीत मात्र निऱ्या, पदर, परकर यांतून पिस्तूल सुरक्षितपणे काढता येईल असा मार्ग मला आजवर सापडलेला नाही, आणि नाही तो आहे म्हणून मी सांगणार नाही. तसंही आपल्या मंडळांचे गणेशोत्सव इथे पुष्कळदा भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात होतात, आणि शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं टेक्ससमध्ये गुन्हा आहे, परवाना असला तरी. साडी नेसायच्या दिवशी पिस्तूल घरी, होल्स्टरसकट, कुलूपबंद पेटीत राहू द्या.